करंजकड्याच्या चाळीस चुली

या, इथं सावलीला टेका. पाणी प्या. फक्त त्या दगडांच्या रांगेवर बसू नका आणि तिथं पायही देऊ नका. त्या चुली आहेत. पलीकडच्या बुरुजापासून या करंजाच्या झाडापर्यंत मोजत आलात तर बरोबर चाळीस भरतील. मागं एका पाहुण्यानं त्यातल्या एका चुलीत चिवड्याच्या पिशव्या जाळल्या होत्या. त्याला मी काय बोललो ते इथं बायामाणसांपुढं सांगत नाही.

तुम्ही मघाशी काडी मागितलीत. माझ्या खिशात काडेपेटी आहे, तुम्हाला ती दिसलीही असेल. पण ती मी देणार नाही. का ते उतरायच्या आधी सांगतो. मी गेणू मेटकरी. आमचं घराणं या गडाच्या मेटावरचं, म्हणजे अर्ध्या वाटेवर जी चौकी लागली तिथलं. आता मेट राहिलं नाही, आडनाव तेवढं राहिलं.

गड बघितलात ना? सदर बघितलीत, अंबरखाना बघितलात, शिपायांच्या राहण्याची ती लांबलचक अलंग बघितलीत. भिंती छातीएवढ्या उभ्या आहेत, दगड ठणठणीत आहेत. भिंतीत तुळया बसवायची चौकोनी भोकं आहेत. पण अख्ख्या गडावर जुन्या लाकडाची एक काडी शोधून दाखवा. शहरातले पाहुणे लगेच म्हणतात, शत्रूनं जाळला असेल. अहो, भिंती बघा की, धुराचा डाग तरी आहे का? शत्रू इथवर आलाच नाही. हा गड आमच्याच बायकांनी जाळला, रोज थोडा थोडा.

आणखी एक गोष्ट. खाली आमचं मेटपिंपरी गाव आहे. तुमच्याकडं घरात मयत झालं की चूल पेटत नाही. आमच्या गावात पेटते. मयत झालेल्या घरात पेटते आणि गावातल्या प्रत्येक घरात पेटते. तिच्यावर अन्न शिजवत नाहीत. नुसतं पाणी ठेवतात. नव्यानं आलेल्या सुना पहिल्या वेळी हे बघतात तेव्हा घाबरून माहेरी सांगतात, की या गावाला सुतक कळत नाही. सुतक आम्हाला कळतं. कसं कळलं तेच आता सांगतो.

कुठलं साल, कुठला राजा, ते मला विचारू नका. असं सांगतात, की या कड्याच्या अलीकडचा मुलूख आपला आणि पलीकडं घाट उतरला की दुसऱ्याचा. हा गड म्हणजे हद्दीवरची राखण. वर चारशे माणसांची शिबंदी होती. पहाटे नगारा व्हायचा, दरवाजा उघडायचा, तटावरची गस्त बदलायची, अंबरखान्यातून धान्य मोजून मिळायचं. दहा माणसांची एक तुकडी आणि दहा माणसांना एक चूल. त्या चुलीवर त्यातल्याच एखाद्या शिपायाची बायको रांधायची. चूल तिच्या नावानं ओळखायची. बयजीची चूल, भागूची चूल, अशी.

चुली घराघरात नव्हत्या. त्याला कारण होतं. ते मागं खड्ड्यात दिसतंय ते दारूकोठार. वारा एक ठिणगी घेऊन गेला असता तर गडाचा माथाच उडाला असता. म्हणून सगळ्या चुली इथं, पश्चिमेच्या कड्यावर, एका रांगेत. वारा इथून बाहेर जातो. विस्तव सांभाळायचा तोही एकाच ठिकाणी, या करंजाखालच्या चुलीत, राखेत पुरून. सकाळी तिथून खापरात निखारे घेऊन ते चाळीस चुलींना वाटायचे. हे काम ठकूबाईकडं होतं.

ठकूबाई विधवा बाई. नवरा तटावरून पडून गेलेला, मुलगा सुभान गस्तीवर. बाई तोंडानं फटकळ आणि कामाला चोख. तिचं घर ते तिथं, ज्याला नुसती दाराची जागा राहिलीय. हवालदारसुद्धा, म्हणजे गडाचा मुख्य, सटवोजी त्याचं नाव, तोसुद्धा तिच्या विस्तवाला विचारल्याशिवाय हात लावत नसे.

दसरा झाला आणि पंधरा दिवसांत पलीकडच्या फौजेचा वेढा पडला. गडाला तसं भय नव्हतं. धान्य भरलेलं, टाकी भरलेली, वाट एकच आणि तीही अरुंद. पण मार्गशीर्षात टाक्याचं पाणी बिघडलं आणि तापाची साथ आली. माणूस तीन दिवस तापायचा आणि चौथ्या दिवशी जायचा. पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी पाच चुलींवरची पाच माणसं गेली. आता रीत ती रीत. ज्या चुलीवरचा माणूस गेला ती चूल त्या दिवशी पेटली नाही. शेजारच्या चुलीनं त्यांना भाकरी दिली. आणि त्या पाच जणांना गडाच्या माथ्यावर सरण रचून अग्नी दिला. यात कुणाचं काही चुकलं असं तुम्हाला वाटतं का? मलाही वाटत नाही. तुम्ही-आम्ही तेच केलं असतं.

पण खाली वेढा घालून बसलेले लोकही आपल्याच मातीतले होते. त्यांच्याही तुकड्या दहा-दहाच्या, त्यांच्याही घरी सुतकात चूल बंद. ते रोज सकाळी वर बघून धूर मोजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीतून कुणीतरी वर तोंड करून ओरडलं, "आरं, काल पाच चुली इझल्या तुमच्या! आज किती?" आणि खाली सगळे हसले. त्याच दुपारी त्यांनी मेटावर हल्ला केला. त्यांना कळलं होतं, की वर माणसं मरताहेत, आता जोर लावायला हरकत नाही. मेट पडलं. तिथं तीस माणसं होती. आमच्या घराण्यातला त्या दिवशी एकच वर पळत आला. मी त्याच्या वंशातला.

संध्याकाळी सगळे सदरेवर जमले. तेव्हा ठकूबाई पुढं झाली, म्हणे. तिनं हवालदाराला सांगितलं, "उद्यापास्नं चाळीस चुली पेटतील. कुनी मरूद्या, पेटतील. आन वर सरान रचायचं न्हाई. सरनाचा धूर येगळा असतो, त्यो बी खाली वळखतात."

"मग मेलेल्यांचं काय करायचं?" हवालदारानं विचारलं.

इथं खडकच आहे सगळा, बघताय ना. वीतभर माती नाही पुरायला. मागच्या बाजूला, पूर्वेला, एक कडा आहे. खाली दाट रान. वेढ्यातून ते दिसत नाही. ठकूबाईनं त्या बाजूला बोट केलं. शेवटी हवालदारानं होकाराची मान हलवली. मढी नेऊन टाकायचं काम चार जवान माणसांवर आलं. त्यातला एक सुभान.

तिसऱ्याच दिवशी बयजीचा नवरा गेला. पहाटे गेला. बयजी त्याच्या उशाशी बसलेली होती. तिची चूल थंड. ठकूबाई खापरात निखारे घेऊन तिच्या चुलीपाशी गेली आणि फुंकायला बसली. बयजी धावत आली.

"माझ्या चुलीला हात लावू नगंस. माझा धनी अजून घरात हाय."

"म्हनूनच पेटवाया आले."

"त्याला आग न्हाई म्हंतीस आन चुलीला देतीस?"

ठकूबाई फुंकत राहिली. तिनं चूल पेटवली, वर पाण्याचं भांडं ठेवलं, ओला पाला टाकून धूर दाट केला आणि पुढच्या चुलीकडं गेली. बयजी तिच्या मागं ओरडली, "ठके, तुझ्या घरात मढं पडंल तवा पेटवून दाव! मी बगाया येईन!" असं सांगतात, की गडावरच्या प्रत्येकानं ते ऐकलं आणि कुणालाही बयजीचा राग आला नाही. ठकूबाईलाही नाही.

त्या दिवसापासून गडाचा दिनक्रम बदलला. पहाटे नगारा होत होता, पण वाजवणारे रोज वेगळे. गस्त होत होती, पण एकच माणूस तीन बुरुजांवरून फिरायचा आणि प्रत्येक बुरुजावर वेगळं पागोटं घालायचा. आणि चाळीस चुली पेटत होत्या. माणसं उरली दोनशे, मग शंभर, मग पन्नासाच्या आत. शेवटी शेवटी एकेक बाई सहा-सहा चुली धावत धावत पेटवायची. भांड्यात नुसतं पाणी. खालून ते दिसत नव्हतं. खालून दिसायचे ते चाळीस धूर.

पण धुराला लाकूड लागतं. आधी जळणाचा साठा संपला. मग करवंदीच्या जाळ्या, मग झाडं. हे एक करंज तेवढं राखलं, विस्तवाला आडोसा म्हणून. मग अलंगेच्या तुळया उतरवल्या आणि माणसं उघड्यावर निजू लागली. मग पागेच्या गव्हाणी, अंबरखान्याची दारं, नगारखान्याचं छप्पर. सदरेचे कोरीव खांब पाडताना म्हातारा हवालदार तिथून उठून गेला. त्याच्या बापानं ते खांब कोकणातून चढवून आणले होते. देवीच्या देवळाची कवाडंसुद्धा गेली. देवीनं राग धरला नसावा, कारण ती अजून तिथंच आहे, कवाडाशिवाय. गावानं दोनदा नवी कवाडं बसवायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा म्हाताऱ्या बायांनी नको म्हटलं.

घरांच्या चौकटी, उंबरे, खुंट्या, उखळातली मुसळं, पाळणे, सगळं चुलीत गेलं. एकच चौकट उभी राहिली. ठकूबाईच्या घराची.

ती सागाची होती, जाड, दोन्ही बाजूंचे खांब आणि वरचा-खालचा उंबरा. एका माणसाला अग्नी द्यायला ओढूनताणून पुरेल इतकं लाकूड. लोक येता-जाता ती बघत होते. सगळ्यांची घरं उघडी पडली होती आणि विस्तव वाटणारीच्या घराला चौकट होती. कुणी बोललं नाही. कारण ती का उभी आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

झालं असं, की माघात सुभाननं आईला सांगितलं. तेव्हा तो धडधाकट होता. म्हणाला, "आये, त्या कड्यावरनं मी लई जन टाकले. बयजीमावशीचा धनी बी मीच टाकला. खाली काय हुतं ते मी बघितलंय. ताप मला बी येनार. मला तिथं टाकू नगंस. मला आग दे."

ठकूबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ही चौकट तुझी. हिला कुनी हात लावनार न्हाई."

आता तुम्ही म्हणाल, जी बाई दुसऱ्याच्या नवऱ्याला आग देऊ देत नाही, ती स्वतःच्या मुलासाठी लाकूड राखते. चूकच होती ती. मी तिची बाजू घेत नाही. आई होती, एवढंच.

चैत्र लागला. वर माणसं उरली एकवीस. त्यात सात बाया. सुभानला ताप आला आणि चौथ्या दिवशी सकाळी, उन्हं वर यायच्या बेतात असताना, तो गेला. त्या सकाळी गडावर जळण म्हणून काहीच नव्हतं. आदल्या दिवशी शेवटच्या दोन पाट्या आणि हवालदाराचा बसायचा चौरंग जाळला होता. नगारा झाला. धुराची वेळ झाली. सगळे ठकूबाईच्या दारासमोर येऊन उभे राहिले. चौकटीच्या आत मुलगा निजवलेला आणि ठकूबाई उंबऱ्यावर बसलेली.

हवालदार काठी टेकत पुढं आला. तो म्हणाला, "ठकूबाई, पोराला आग द्या. येक दिस धूर न्हाई झाला तर गड पडत न्हाई."

ठकूबाईनं उंबऱ्यावरूनच वर बघितलं. मग म्हणाली, "बयजीच्या धन्याच्या दिशी पडत हुता, आन माझ्या ल्योकाच्या दिशी पडत न्हाई व्हय?"

 ठकूबाई उठली, कुऱ्हाड घेतली आणि स्वतःच्या हातानं चौकट फोडली. असं सांगतात, की ती कुणाला मदतीला येऊ देईना. घाव चुकत होते, हाताला फोड आले, पण चाळीस चुलींचे चाळीस वाटे होईपर्यंत ती थांबली नाही. मग आत गेली. मुलाचे खांदे धरले आणि बाहेर उभ्या असलेल्या बयजीला हाक मारली.

"पाय धर, बयजे."

बयजी बघायला येईन म्हणाली होती. ती आली, तिनं पाय धरले. दोघींनी सुभानला पूर्वेच्या कड्यावर नेलं. तिथं काय झालं ते बघायला कुणी मागून गेलं नाही, म्हणून त्याची गोष्ट नाही.

परत आल्यावर ठकूबाई करंजाखाली येऊन खाली बसली. राख उकरून निखारे काढायचे होते. पण तिचा हात राखेत गेला आणि तिथंच राहिला. तिला पुढचं काही करता येईना. तेव्हा बयजीनं तिच्या हातातून खापर घेतलं. निखारे भरले. सगळ्यात आधी ठकूबाईची चूल पेटवली, तिच्यावर पाणी ठेवलं, आणि मग बाकीच्या एकोणचाळीस. त्या सकाळी चाळीस धूर निघाले. सागाचा धूर.

तिसऱ्या दिवशी वेढा उठला. जाताना त्यांच्यातला कुणी म्हणे वर बघून म्हणाला, की यांच्याकडं अजून चारशे माणसं आहेत, पावसाळ्याच्या आत हा गड हाती लागायचा नाही.

आमच्या आळीतले काही जण वेगळं सांगतात. ते म्हणतात, त्यांचे बैल रोगानं मेले होते, दाणा संपला होता, आणि निघायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. म्हणजे सुभान गेला त्या सकाळी कुणी धूर मोजतही नव्हतं. मला हे खरं वाटत नाही. पण मी ते लपवतही नाही. ठकूबाईलाही पुढं कुणीतरी हे सांगितलं असणारच.

वेढा उठल्याचं कळलं तशी घेऱ्यातल्या, म्हणजे गडाभोवतालच्या, वाड्यांवरची माणसं वर धावली. वर लाकूड नाही हे कळल्यावर घरटी एक असं लाकूड घेऊन आली. सगळे मिळून कड्याखालच्या रानात उतरले. ठकूबाई पुढं होती. पण पाच महिन्यांत साडेतीनशेवर माणसं तिथं पडली होती आणि रानात जनावरं होती, गिधाडं होती. सुभान तीन दिवसांपूर्वीचा, तरी तो ओळखू येईना. कोण कुणाचा, काही कळेना. माणसं म्हणाली, निदान चार हाडं गोळा करून एक सरण रचू. ठकूबाई म्हणाली, "कुनाची म्हनून आग द्यायाची? माझ्या सुभानची म्हनून दुसऱ्याच्याला?" आणि ती रान चढून वर आली.

वर येऊन तिनं आणलेली सगळी लाकडं चुलींत वाटली. घरटी एक आलेली लाकडं, चाळीस चुली. भांडी ठेवली, भांड्यांत पाणी ओतलं. मग ती म्हणाली, "हितं त्यांनी जेवान केलं, हितंच त्यांची आग." अन्न शिजवायचं नाही असं तिनं सांगितलं. पाणी उकळून आटेपर्यंत सगळे बसून राहिले. गडाच्या मेलेल्यांचं क्रियाकर्म म्हणून तेवढंच झालं. लाकूडकाम पुन्हा कुणी केलं नाही. उरलेली वीस माणसं खाली उतरली आणि मेटाखाली, पायथ्याला राहिली. तेच आमचं मेटपिंपरी.

आजही गावात कुणी गेलं की घराघरात चूल पेटते आणि तिच्यावर नुसतं पाणी चढतं. आता बऱ्याच घरांत गॅस आहे, तर गॅस पेटवतात. पण मयताच्या घरातली चूल त्या घरातलं कुणी पेटवत नाही. तो मान, मान म्हणा किंवा काय म्हणायचं ते म्हणा, शेवटचं मयत ज्या घरात झालं असेल त्या घरच्या बाईचा. ती येते, काही बोलत नाही, चूल पेटवते, पाणी आटेपर्यंत बसते आणि उठून जाते. बोलायचं नसतं, कारण बयजीही बोलली नव्हती.

माझी बायको अनसूया भाद्रपदात गेली. वरच्या आळीतली शेवंता आली होती. तिचा मुलगा उन्हाळ्यात विहिरीत गेला होता. आमचं तिचं बांधावरून बारा वर्षं बोलणं नव्हतं. ती आली, माझ्या चुलीसमोर बसली, फुंकर घालताना तिच्या डोळ्यांत धूर गेला. पाणी आटलं तशी ती गेली. तोवर लोक माझं सांत्वन करत होते आणि मला ते सगळं दुरून ऐकू येत होतं. ती बसली होती तेव्हा मी पहिल्यांदा रडलो.

त्यानंतर गावात अजून कुणी गेलेलं नाही. म्हणजे पुढच्या घरी चूल पेटवायला माझ्या घरातून जायला पाहिजे. घरात बाई राहिली नाही. पोरं पुण्याला. गावात म्हणतात, भावकीतली एखादी सून पाठव, पुरुषानं चुलीपुढं बसायची रीत नाही. मी सांगितलं, मी जाणार. खालच्या आळीतला धर्मा परवापासून अन्न घेत नाही. म्हणून काडेपेटी मी खिशात ठेवतो आणि त्यातली एक काडीही दुसऱ्या कामाला वापरत नाही. रागावू नका. चला, उतरताना तटाच्या बाजूनं चला, तिकडची वाट निसरडी नाही.